‘चार्ज’ : शब्द एक, अर्थ अनेक !

‘मोबाईल चार्ज कर’, ‘नव्या साहेबांनी चार्ज घेतला’, ‘बँकेने चार्ज लावला’, ‘त्याच्यावर चोरीचा चार्ज आहे’, अशी वाक्ये आपण प्रतिदिन ऐकतो. चारही वाक्यांत शब्द एकच आहे. पण अर्थ चार आहेत. त्यांसाठी मराठीत कोणते शब्द आहेत, ते पाहूया.

१. मूळ अर्थ

या शब्दाचे मूळ लॅटिन भाषेतील ‘गाडा’ या अर्थाच्या शब्दात आहे. त्यातून ‘गाड्यावर ओझे लादणे’ हा अर्थ आला आणि फ्रेंचमार्गे तो इंग्रजीत पोचला. पुढे हे ओझे कधी दायित्वाचे, कधी पैशांचे, तर कधी दोषाचे झाले.

२. विविध अर्थ आणि मराठी शब्द

अ. दायित्व : ‘चार्ज घेतला’ म्हणजे ‘कार्यभार स्वीकारला’. ‘इन्चार्ज’ म्हणजे ‘प्रभारी’. या दोन्ही शब्दांत ‘भार’ आहेच !

आ. वीज : इलेक्ट्रॉनवर ऋण प्रभार, तर प्रोटॉनवर धन प्रभार असतो. हिंदीत यालाच ‘आवेश’ म्हणतात. मराठीत मात्र ‘आवेश’ म्हणजे जोश किंवा त्वेष.

इ. पैसे : यासाठी ‘शुल्क’ किंवा ‘आकार’ म्हणावे. वीजदेयकावर ‘स्थिर आकार’ छापलेला असतो. मूळ रकमेवर वाढीव लावतात, तो ‘अधिभार’.

ई. आक्रमण : ‘लाठीचार्ज’ म्हणजे ‘लाठीमार’.

उ. दोष : न्यायालयीन संदर्भात ‘आरोप’.

३. नेमका शब्द का वापरावा ?

शेवटच्या अर्थाविषयी विशेष सावध रहावे. पोलीस अन्वेषण करून न्यायालयात आरोपपत्र सादर करतात. त्यानंतर न्यायालय आरोप निश्चित करते, साक्षीपुरावे पहाते आणि मगच निकाल देते. ‘चार्ज लागला’ एवढे ऐकून आपण एखाद्याला दोषी ठरवतो, तेव्हा त्याची आणि त्याच्या कुटुंबियांची अपकीर्ती होते. ‘आरोप’ या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थ ‘वर ठेवणे’ असा आहे. वर ठेवलेले ओझे उतरूही शकते, हे बोलतांना लक्षात ठेवावे.

४. स्वाध्याय

पुढील वाक्ये ‘चार्ज’ न वापरता लिहून पहा.

अ. डिलिव्हरीचा चार्ज किती ?

आ. आजपासून भांडार तुझ्या चार्जमध्ये.

इ. त्याच्यावरचे चार्ज सिद्ध झाले नाहीत.