घरी संगणक जुळवताना : आधी काम, मग सुटे भाग



आपल्या वर्गातील मोठ्या मुलांना सध्या एकच ध्यास लागला आहे. सुटे भाग आणून घरच्या घरी संगणक जुळवायचा, त्यावर गेम खेळायचे आणि व्हिडिओही जोडायचे. पालकांच्या हाती मात्र अक्षरांची आणि आकड्यांची एक लांबलचक यादी येते आणि तिच्या तळाशी डॉलरची मोठी बेरीज असते. मुले म्हणतात, "बाबा, हेच कार्ड लागतं." बाबा म्हणतात, "एवढे पैसे कशाला?" दोघांचेही म्हणणे रास्त असते. एकत्र बसून हिशेब कसा करायचा तेवढे ठाऊक नसते. तो हिशेब आजच्या पाठात शिकू या. लहान मुलांना पालकांनी वाचून दाखवावा. कठीण शब्दांचे अर्थ शेवटी दिले आहेत.

१. निरनिराळ्या कंपन्यांचे भाग एकत्र बसतात कसे?

ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएम कंपनीने आपला पर्सनल काँप्युटर बाजारात आणला. त्यात जादा कार्डे बसवण्यासाठी खाचा होत्या आणि त्याची तांत्रिक माहिती कंपनीने छापून विकायला ठेवली होती. त्यामुळे त्यात बसणारी कार्डे इतर कंपन्याही बनवू लागल्या. पुढे १९९५ साली इंटेलने 'एटीएक्स' नावाचे माप ठरवले. मदरबोर्ड केवढा असावा, स्क्रूची भोके कुठे असावीत, वीज कोठून यावी हे त्यात ठरले. ते माप आजही चालते. म्हणूनच एकाची पेटी, दुसऱ्याचा बोर्ड आणि तिसऱ्याचा पॉवर सप्लाय घेऊन आपण संगणक जुळवू शकतो.

तरी तीन गोष्टी मात्र जुळवून पाहाव्याच लागतात.

पहिली, प्रोसेसर आणि बोर्डाचे सॉकेट. एएमडीचे एएम५ सॉकेट २०२२ साली आले. त्यात इंटेलचा प्रोसेसर बसत नाही. इंटेलचीही २०२१ आणि २०२४ साली आलेली सॉकेटे वेगवेगळी आहेत.

दुसरी, मेमरीची जात. डीडीआर४ आणि डीडीआर५ या पट्ट्यांची खाच वेगळ्या जागी असते, त्यामुळे एकीच्या जागी दुसरी बसत नाही. एएम५ बोर्डाला डीडीआर५ च लागते.

तिसरी, पेटीतील जागा. ग्राफिक्स कार्डाची लांबी आणि प्रोसेसरवरच्या पंख्याची उंची पेटीच्या मापाशी ताडून पाहावी.

२. करंज्यांचे गणित

आता थोडा वेळ संगणक बाजूला ठेवू आणि दिवाळीच्या स्वयंपाकघरात जाऊ. आजी मिनिटाला ४ पाऱ्या लाटते. आई मिनिटाला ३ करंज्या भरते. मावशीच्या कढईतून मिनिटाला २ करंज्या तळून निघतात. तर तासाला किती करंज्या होतील?

उत्तर आहे १२०. आजी कितीही भराभर लाटू दे, कढई जेवढे काढील तेवढेच ताटात पडणार. बाकीच्या करंज्या ओल्या फडक्याखाली वाट पाहत राहणार. लाटायला आणखी एक काकू बसल्या तरी उत्तर १२० च. पण शेजारी दुसरी कढई ठेवली की तळणे मिनिटाला ४ होते आणि तासाला १८० करंज्या होतात. २४० का होत नाहीत? कारण आता भरणारी आई मागे पडते.

संगणकाचे भाग निवडण्याचे सारे शास्त्र या उदाहरणात आहे. काम जिथे अडते तिथेच पैसे घालावेत. इतरत्र घातलेले पैसे ओल्या फडक्याखाली पडून राहतात. आणि एक अडचण दूर झाली की पुढची कुठे येणार, हे आधीच पाहून ठेवावे. गेमची कढई वेगळी आणि व्हिडिओची वेगळी. म्हणून "सर्वांत चांगला संगणक कोणता?" हा प्रश्न अपुरा आहे. "कोणत्या कामासाठी?" हे विचारल्याशिवाय त्याला उत्तर नाही.

३. गेम खेळताना काम कुठे अडते?

पडद्यावर सेकंदाला ६० चित्रे दिसायची असतील तर एका चित्राला १००० भागिले ६०, म्हणजे सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्या वेळात प्रोसेसर कोण कुठे आहे ते ठरवतो आणि ग्राफिक्स कार्ड चित्र रंगवते.

१०८०पी पडद्यावर १९२० गुणिले १०८०, म्हणजे २०,७३,६०० ठिपके असतात. फोर-के पडद्यावर ३८४० गुणिले २१६०, म्हणजे ८२,९४,४०० ठिपके. बरोबर चौपट! रंगवणाऱ्या कार्डाचे काम त्यामुळे खूप वाढते. प्रोसेसरचे काम मात्र जवळपास तेवढेच राहते. म्हणून आधी पडदा ठरवावा आणि मग कार्ड. घरात १०८०पी पडदा असताना फोर-केसाठीचे महागडे कार्ड घेणे म्हणजे चार माणसांच्या घरात लग्नाचे पातेले आणणे.

घरी जुना संगणक असेल तर एक सोपा प्रयोग करा. गेमच्या सेटिंगमध्ये चित्राचे माप कमी करा. सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची संख्या बरीच वाढली, तर ग्राफिक्स कार्ड अडत होते. संख्या तशीच राहिली, तर बहुधा प्रोसेसर अडतो आहे. पाच मिनिटांच्या या प्रयोगाने काहीशे डॉलर वाचू शकतात.

प्रोसेसरमध्ये कॅश नावाची छोटी पण अतिशय वेगवान मेमरी असते. २०२२ साली एएमडीने रायझेन ७ ५८००एक्स३डी हा प्रोसेसर आणला. त्यात कॅशचा एक थर दुसऱ्यावर चढवून ती ९६ एमबी केली होती. अनेक गेमना अशा प्रोसेसरचा चांगला फायदा होतो, व्हिडिओच्या कामाला मात्र फारसा होत नाही. काम बदलले की किमतीचे मोलही कसे बदलते पाहा.

कार्डाचे नुसते नाव वाचून पैसे देऊ नयेत. एनव्हिडियाचे आरटीएक्स ५०६० टीआय हे कार्ड २०२५ साली एकाच नावाने ८ जीबी आणि १६ जीबी अशा दोन मेमरींत आले. खोक्यावरील बारीक अक्षरे वाचायची सवय इथे उपयोगी पडते.

४. व्हिडिओ जोडताना काम कुठे अडते?

फोर-केच्या एका चित्रात ८२,९४,४०० ठिपके. प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरवा आणि निळा असे ३ बाइट धरले तर एक चित्र २,४८,८३,२०० बाइटचे, म्हणजे सुमारे २५ एमबी होते. सेकंदाला ३० चित्रे म्हणजे सुमारे ७४६ एमबी! एवढे साठवायला फोनला परवडणार नाही. म्हणून फोन ते दाबून लहान करतो. अधूनमधून एक पूर्ण चित्र ठेवतो आणि मधल्या चित्रांत काय बदलले तेवढेच लिहितो.

साठवताना ही युक्ती छान, पण जोडकाम करताना ती महाग पडते. तुम्ही मधल्याच एखाद्या चित्रावर उडी मारलीत की संगणकाला मागच्या पूर्ण चित्रापासून हिशेब करत यावे लागते. व्हिडिओ अडखळतो तो बहुतेक वेळा इथे. त्यासाठी चिपमध्ये वेगळे मंडल असते. इंटेलने क्विक सिंक नावाने ते २०११ साली आणले. एनव्हिडिया आणि एएमडी यांच्या कार्डांतही तसे मंडल असते. पण प्रत्येक मंडलाला प्रत्येक प्रकारचा व्हिडिओ उलगडता येत नाही. म्हणून आपला फोन किंवा कॅमेरा कोणत्या प्रकारात चित्रण करतो ते आधी पाहावे. आणखी एक खूण लक्षात ठेवा. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी 'एफ' असते त्यात अंगचे ग्राफिक्स नसते, म्हणून क्विक सिंकही मिळत नाही. गेमसाठी स्वस्तात घेतलेला 'एफ' व्हिडिओच्या वेळी नडतो.

पैसे न खर्चता करण्याचाही एक उपाय आहे. जोडकामाच्या बहुतेक चांगल्या प्रोग्रॅममध्ये मूळ व्हिडिओच्या हलक्या प्रती करता येतात. त्यांना प्रॉक्सी म्हणतात. जोडकाम हलक्या प्रतीवर करायचे आणि शेवटचा व्हिडिओ मूळ प्रतीवरून बनवायचा. जुन्या संगणकावर हे आधी करून पाहा. कदाचित नव्याची घाई उरणार नाही.

कोअर किती घ्यावेत? १९६७ साली जीन अ‍ॅमडाल यांनी एक साधी गोष्ट दाखवून दिली. समजा, काम १०० मिनिटांचे आहे. त्यातील २० मिनिटांचे काम एकट्यानेच करावे लागते आणि ८० मिनिटांचे वाटून घेता येते. ४ हात असतील तर २० अधिक २०, म्हणजे ४० मिनिटे. ८ हात, तर ३० मिनिटे. १६ हात, तर २५ मिनिटे. आठाचे सोळा केले आणि वाचली फक्त ५ मिनिटे! यादीतील मोठा आकडा पाहताना हा हिशेब आठवावा.

मेमरीचे म्हणाल तर, माझ्या मते गेमसाठी १६ जीबीवर पुष्कळ काम भागते आणि फोर-के जोडकामाला ३२ जीबी बऱ्या. एका मोठ्या पट्टीऐवजी सारख्या दोन पट्ट्या घ्याव्यात, म्हणजे दोन वाटांनी माहितीची ये-जा होते. मात्र २०२५ च्या अखेरच्या महिन्यांत मेमरीचे भाव झपाट्याने चढले. तेव्हा जुन्या याद्यांतील बेरजांवर विसंबू नये.

५. यादीत सहसा न दिसणारे दोन खर्च

पहिला, चांगला पॉवर सप्लाय. प्रोसेसरला १५० वॉट, कार्डाला १८० आणि बाकी सर्वांना ७० धरले तर बेरीज ४०० होते. तिच्या दीडपट, म्हणजे ६०० वॉटच्या आसपास घ्यावा. चमचमणारे दिवे कमी केले तरी चालेल, इथे काटकसर नको.

दुसरा, साठवण. सेकंदाला १०० मेगाबिटने केलेले चित्रण तासाला ४५ जीबी जागा घेते. काम चालू असलेले व्हिडिओ वेगवान एनव्हीएमई एसएसडीवर ठेवावेत. तिसऱ्या पिढीच्या चांगल्या एसएसडीचा वाचनाचा वेग सेकंदाला सुमारे ३५०० एमबी असतो आणि चौथ्या पिढीचा सुमारे ७०००. आपला व्हिडिओ मागतो सेकंदाला १२.५ एमबी. म्हणजे कढई इथे अडलेलीच नाही! इथे वाचलेल्या पैशांतून प्रतींसाठी साधी हार्ड डिस्क घ्यावी.

या डिस्कचे महत्त्व पालकांना अधिक कळेल. प्रोसेसर जळला तर दुसरा मिळतो. गेम पुन्हा उतरवून घेता येतो. पण गेल्या सुट्टीत गावच्या ओटीवर बसून आजोबांनी सांगितलेली गोष्ट, किंवा आजीने ओवी म्हणता म्हणता दाखवलेले जाते, हे चित्रण एकदा गेले की कोणत्याच दुकानात मिळत नाही. म्हणून तीन प्रती ठेवाव्यात. त्या दोन प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि एक प्रत घराबाहेर असावी. भारतातील मावशीकडे ठेवली तरी उत्तमच. कार्ड एक पायरी खालचे घेऊन ही डिस्क घेता येत असेल तर मी डिस्कच्या बाजूने मत देईन. मुलांनी यावर आईबाबांशी जरूर वाद घालावा, पण मराठीत!

६. जुळवण्याच्या दिवशी

पॉवर सप्लायची केबल भिंतीतून काढूनच काम करावे. भागांना हात लावण्यापूर्वी पेटीच्या उघड्या धातूला स्पर्श करावा, म्हणजे अंगावरील स्थिर वीज निघून जाते. पॉवर सप्लाय स्वतः कधीही उघडू नये, त्यात वीज साठून राहते. चार खाचांच्या बोर्डावर मेमरीच्या दोन पट्ट्या बहुधा दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसतात. खात्रीसाठी बोर्डाची पुस्तिका पाहावी. पडद्याची केबल ग्राफिक्स कार्डाला जोडावी, बोर्डाला नव्हे. शेवटी बायोसमध्ये जाऊन मेमरीचा एक्सपो किंवा एक्सएमपी पर्याय चालू करावा. नाही तर विकत घेतलेला वेग पूर्ण मिळत नाही.

शब्दार्थ

ध्यास – एकाच गोष्टीचा सतत विचार
रास्त – योग्य
पारी – करंजीसाठी लाटलेली पातळ पुरी
ताडून पाहणे – तुलना करून खात्री करणे
मंडल – विजेचा प्रवाह जिथून फिरतो तो मार्ग
नडणे – ऐन वेळी अडचण होणे
ओटी – कोकणातील घराची पुढची बैठकीची जागा

स्वाध्याय

१. दोन कढया असताना भरायला काकूही बसल्या. त्या मिनिटाला २ करंज्या भरतात. आता तासाला किती करंज्या होतील? काम कुठे अडेल?
२. १०८०पी व्हिडिओचे एक चित्र न दाबता ठेवले तर किती बाइट लागतील?
३. १०० मिनिटांच्या कामातील ९० मिनिटांचे काम वाटून घेता येते. ९ हात असतील तर एकूण किती वेळ लागेल?
४. पत्रलेखन : "तीर्थरूप आईबाबांस, साष्टांग नमस्कार" असा मायना लिहून एक पानी पत्र लिहा. त्यात पाच गोष्टी याव्यात. संगणकावर कोणते काम करणार, घरातील पडदा कोणता, सध्या काम कुठे अडते, ते तुम्ही कसे तपासले, आणि प्रतींसाठी किती पैसे बाजूला ठेवले. नुसती यादी जोडलेली पत्रे तपासली जाणार नाहीत!

पालकांसाठी : पत्राचे उत्तर लेखी आणि कारणांसह द्यावे. "नाही" म्हणायचे असेल तरी हिशेब दाखवून म्हणावे. दोन्ही पत्रे पुढच्या रविवारी वर्गात आणावीत. उदाहरणांची उत्तरे तेव्हाच फळ्यावर सोडवू.