निजलेले बाळ आणि बाहेरची कडी

महाशिवरात्रीला परळी वैजनाथला किंवा नवरात्रात अंबाजोगाईला एखादे कुटुंब मुक्कामी येते. दिवसभर रांगेत उभे राहून सगळेच दमलेले असतात. बाळ दूध पिऊन लॉजच्या खोलीत निजलेले आणि खाली खाणावळीत ताट वाढायची वेळ झालेली. "आत्ताच डोळा लागलाय, तासभर काही उठत नाही, पटकन जेवून येऊ," असे म्हणून आईवडील बाहेरून कडी घालतात. वाचकहो, यात दुष्टपणा कोणाचाच नसतो. चुकतो तो बाळाच्या झोपेचा अंदाज.

तान्ह्याच्या झोपेचे एक आवर्तन साधारण पाऊण ते एक तासाचे असते आणि त्यातला मोठा भाग हलक्या झोपेचा असतो. परकी खोली आणि परके आवाज असले की ती आणखी लवकर मोडते. चौथ्या ते सहाव्या महिन्याच्या सुमारास बाळ वळू लागते. काल न वळलेले मूल आज वळते, ते काही आधी सांगून वळत नाही! पडू नये म्हणून आपण पलंगावर दोन्ही बाजूंनी उशा लावतो. पण त्या मऊ उशीत नाक-तोंड रुतले तर लहान बाळाला मान सोडवता येत नाही, आणि श्वासच कोंडल्यावर रडणार कसे? म्हणून "रडले तर ऐकू येईल" या भरवशात अर्थ नाही. जीव जायला काही मिनिटे पुरतात. चालत्या मुलाची तऱ्हा वेगळी. ते आतून कडी लावून घेते, पेटत्या कॉइलला हात लावते, मोरीतल्या बादलीत वाकते. लहान मुलाचे डोके अंगाच्या मानाने जड असते, तोल गेला की वीतभर पाणीसुद्धा जिवावर बेतते.

"आम्ही मधून मधून बघून येतो," असे कोणी म्हणेल. पोर्तुगालमधील प्राया दा लुझ या गावी 3 मे 2007 च्या रात्री एक ब्रिटिश डॉक्टर दांपत्य मित्रांसह जवळच्याच उपाहारगृहात जेवत होते. खोलीत तीन मुले निजली होती आणि मंडळी आळीपाळीने जाऊन पाहत होती. रात्री दहाच्या सुमारास आई गेली, तेव्हा चौथे वर्ष पुरे व्हायला थोडेच दिवस राहिलेली मोठी मुलगी, मॅडलिन मॅककॅन, जागेवर नव्हती. ती आजतागायत सापडलेली नाही.

बाळ उठू नये म्हणून सर्दी-खोकल्याचे गुंगी आणणारे औषध पाजणारेही आहेत. पूर्वी मुंबईच्या गिरणगावात कामावर जाणाऱ्या आया बाळांना अफूची 'बाळागोळी' देत. त्यांच्यापुढे पोटाचा प्रश्न होता. पण अफू काय किंवा असले औषध काय, तान्ह्याचा श्वास मंदावू शकतो. असे औषध झोपेसाठी कधीही देऊ नये.

मग जेवायचे कसे? एकाने आधी जेवावे, दुसऱ्याने बाळाजवळ बसावे. नाहीतर ताट खोलीवर मागवावे. सांगितले तर लॉजवाले आणून देतात. बाळाला दूध पाजल्यावर ढेकर काढावी, सपाट आणि घट्ट अंथरुणावर उताणे निजवावे, जवळ उशी किंवा जाड दुलई ठेवू नये. कॉइल विझवावी, बादली रिकामी करून पालथी घालावी. आपल्या भागात विंचू फार, तेव्हा अंथरूण झटकूनच घालावे.

आपल्या जिल्ह्यात मात्र याच प्रश्नाची दुसरी बाजू आहे. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला गेलेल्या नवरा-बायकोच्या जोडीला 'कोयता' म्हणतात. दोघांचे हात चालले तरच तो कोयता पुरा धरला जातो. बाळ कोपीत किंवा उसाच्या कडेला झोळीत निजते आणि पहाटेपासून आईचे लक्ष निम्मे फडात, निम्मे झोळीकडे असते. लॉजमधल्या आईवडिलांना आळीपाळीने जेवता येते, हिला आळीपाळीने ऊस तोडता येत नाही. तिला बाळाजवळ बसा असे सांगून मी मोकळा होणार नाही. फडाजवळ पाळणाघर हवे आणि टोळीतल्या एखाद्या बाईला मजुरी देऊन त्या कामावर बसवायला हवे. हे मुकादमाने आणि कारखान्याने करायचे काम आहे.