दोन्ही हात उजवे!

दोन्ही हात सारख्याच सफाईने चालवणाऱ्याला इंग्रजीत 'अ‍ॅम्बिडेक्स्ट्रस' म्हणतात. आपला 'सव्यसाची' शब्द याच्या जवळचा. लॅटिनमध्ये 'अ‍ॅम्बी' म्हणजे दोन्ही आणि 'डेक्स्टर' म्हणजे उजवा. म्हणजे शब्दशः अर्थ झाला 'दोन्ही हात उजवे असलेला'! बिचाऱ्या डाव्याला त्यात जागाच नाही. आपण तरी वेगळे काय करतो? जो सरस, तो 'उजवा' ठरतो! ग्लुकोजचे 'डेक्स्ट्रोज' हे नावही याच डेक्स्टरवरून आले आहे, कारण त्याचे द्रावण ध्रुवित प्रकाशाचे प्रतल उजवीकडे वळवते.

हे विशेषण मात्र जपून वापरा. डावखुरा मुलगा अ‍ॅम्बिडेक्स्ट्रस नव्हे, आणि शाळेत सक्तीने उजव्या हाताने लिहायला लावल्याने तो तसा होतही नाही. आधी स्वतःचे नाव दोन्ही हातांनी लिहून पाहा!