गेलेल्या सहकाऱ्याच्या मुलांना काय द्यावं

सोनू,

तुझ्या ऑफिसातले ते सहकारी लोकलमधून पडून गेल्याचं ताईकडून कळलं. शोकसभेत तू बोलायचं ठरलंय आणि काय बोलावं ते तुला सुचत नाहीये, असंही ती म्हणाली. मी शोकसभेतली भाषणं पुष्कळ ऐकली आहेत. त्यांत गेलेला माणूस ओळखूच येत नाही. हसतमुख, मनमिळाऊ, कर्तव्यदक्ष हे शब्द कोणालाही लावता येतात, आणि लोक लावतातही.

म्हणून आमच्याकडचं एक सांगतो. २९ सप्टेंबर २०१७, शुक्रवार. खंडेनवमी होती. आमच्या छापखान्यात मशीनची पूजा करायची होती. आमचे मशीनमन परळ स्टेशनवर उतरून पुलावरून एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या बाजूला येत. सकाळी साडेदहाच्या सुमारास पावसाने झोडपलं, माणसं जिन्यावरच थबकली आणि मागून प्रत्येक गाडीची गर्दी येतच राहिली. त्या अरुंद जिन्यावर २३ माणसं गेली. त्यांत आमचे मशीनमनही. पुढे लष्कराने तिथे नवा पूल उभारला, २०१८च्या फेब्रुवारीत तो खुलाही झाला. म्हणजे मनात आणलं की काही महिन्यांत पूल होतो. पण त्या संतापाला वेगळं पत्र लागेल.

मशीनमनची मुलगी तेव्हा सातवीत होती. तिच्या गणिताच्या पुस्तकातलं पुढचं उदाहरण ते जेवणाच्या सुट्टीत आमच्या प्रूफ वाचणाऱ्या बाईंकडून समजून घेत. पाठकोऱ्या कागदावर दोनदा-तीनदा सोडवत, चुकले की खोडून पुन्हा करत, आणि रात्री घरी जाऊन जणू आपल्याला पहिल्यापासून येतंय अशा थाटात तिला शिकवत. काही आठवड्यांनी आम्ही त्यांच्या घरी गेलो तेव्हा बाईंनी हे सहज सांगितलं. मुलगी म्हणाली, "म्हणजे बाबांनाही येत नव्हतं?" थोड्या वेळाने तिने तेच पुन्हा विचारलं. मग बाईंनी जपून ठेवलेले दोन कागद तिला दिले. त्यांवरची खाडाखोड ती बराच वेळ बघत होती.

तुला सांगायचं ते एवढंच आहे. घरच्यांच्या वाट्याला माणूस येतो तो दमून आलेला. जागेपणीचे आठ-दहा तास तो तुमच्यात असतो, आणि त्या तासांतला बाप पोरांनी कधी पाहिलेलाच नसतो. ते तास तुमच्याकडे ठेव म्हणून राहिलेत. ज्यांचे आहेत त्यांना ते पोचते करा.

म्हणून आधी लिहून काढ. तुझ्या सहकाऱ्याबरोबर बसणाऱ्या प्रत्येकाला विचार: त्यांनी काय केलं, कधी केलं, नेमकं काय म्हणाले. "फार चांगले होते" असं उत्तर आलं तर पुढचा प्रश्न विचार. आमच्याकडे एका नवख्या पोराच्या हातून छपाईतली रंगांची जुळणी हलली आणि गठ्ठाभर कागद वाया गेला. मशीनमननी मालकांना "मशीन तापलं होतं" एवढंच सांगितलं आणि थांबून काम पुन्हा छापून दिलं. त्या पोरानेच हे आम्हाला सांगितलं, तेही फार उशिरा. अशा गोष्टी विचारल्याशिवाय निघत नाहीत. आणि हो, गेलेल्या माणसाला देव करू नकोस. आमचे मशीनमन चहाचे पैसे द्यायची वेळ आली की हमखास हात धुवायला जात. तेही आम्ही त्यांच्या पत्नीला सांगितलं. त्या म्हणाल्या, घरीही हेच.

शोकसभेत यातलं थोडंच बोल. बाकीचं स्वच्छ अक्षरात लिहून मुलांसाठी घरी नेऊन दे. दिवसकार्याच्या गर्दीत जाऊ नकोस. तेव्हा घर भरलेलं असतं. नातेवाईक आपापल्या गावी परतले की जा, आणि नंतरही जात राहा.

आता कागदपत्रांचं. दुःखात हे कोणाला सुचत नाही आणि घरच्यांना ऑफिसात चकरा मारायला लाज वाटते, तेव्हा ते तुम्ही करा. पीएफमध्ये नामनिर्देशन कोणाचं आहे ते बघ. पीएफच्या पेन्शन योजनेत पत्नीला पेन्शन मिळते, शिवाय एका वेळी दोन मुलांना वयाच्या २५ वर्षांपर्यंत. पीएफला जोडलेला विमा असतो, तो ७ लाखांपर्यंत जातो. ग्रॅच्युइटीसाठी पाच वर्षं नोकरी लागते ही अट मृत्यू झाल्यास नसते. कोणी "त्यांची पाच वर्षं भरली नव्हती" म्हणालं तर ऐकून घेऊ नकोस.

गाडीतून पडून मृत्यू आला तर रेल्वे दावा न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. भरपाई ८ लाख रुपये आहे, पण तुझे सहकारी तिकीट किंवा पास घेऊन प्रवास करत होते हे दाखवावं लागतं. अर्जाची मुदत एक वर्षाची. त्यांचा पास पाकिटात असेल, नाहीतर मोबाइलमध्ये. तो फेकू नका, फोन कोणाला देऊन टाकू नका, असं त्यांच्या पत्नीला आजच सांग.

तुझा,
मामा