ट्यूब लावूनही नायटा वाढतो कसा?

प्रश्न : मी उल्हासनगरला जीन्सच्या कारखान्यात शिलाईचं काम करतो. जांघेत नायटा झाला म्हणून मेडिकलमधून ट्यूब आणली. तीन दिवसांत खाज थांबली, पण ट्यूब बंद केली की नायटा परत येतो आणि दर वेळी आधीपेक्षा मोठा. मुलीच्या इसबावर मात्र डॉक्टरांनीच स्टेरॉइडचं मलम दिलंय, तर आई म्हणते, ‘पोरीला स्टेरॉइड नको.’ खरं काय मानायचं? – एक वाचक, बदलापूर

उत्तर : तुमच्या ट्यूबमध्ये बहुतेक स्टेरॉइड असणार, म्हणजे तुमच्या घरात उलटाच कारभार चाललाय. ज्याला स्टेरॉइड नको तो बिनधास्त लावतोय आणि जिला हवं तिला कुणी लावू देत नाही!

आधी तुमचं. नायटा म्हणजे बुरशी. घाम आणि घट्ट कपडे तिला मानवतात; आपल्याकडचा दमटपणा, गर्दीची लोकल आणि दिवसभराचं बैठं काम धरलं तर जांघ तिला आयतीच सापडते. लाली आणि खाज मात्र बुरशीशी लढणाऱ्या आपल्याच शरीराची असते. स्टेरॉइड ही लढाई थांबवतं. म्हणून खाज जाते, चट्टा फिकट होतो आणि आपल्याला वाटतं, गुण आला. बुरशी तिथेच असते आणि आता तिला अडवणारं कुणी नसतं. चट्ट्याची गोल कडाही पुसट होते, त्यामुळे पुढे डॉक्टरांनाही तो ओळखणं अवघड जातं.

‘पण माझ्या ट्यूबमध्ये बुरशीचं औषधही आहे,’ असं तुम्ही म्हणाल. असेल. बाजारात अशी मिश्रणं भरपूर आहेत : बुरशीचं एक, जंतूंचं एक आणि सोबत क्लोबेटासोल. हे क्लोबेटासोल सर्वांत कडक स्टेरॉइडांपैकी आहे. जांघेची कातडी पातळ, त्यामुळे तिथे ते तळहातापेक्षा कितीतरी जास्त मुरतं. महिनोन् महिने लावलं तर कातडी विरते आणि पोटावर बाळंतपणानंतर दिसतात तसे पट्टे उमटतात. हे पट्टे पुरते जात नाहीत. चेहरा उजळावा म्हणून अशी ट्यूब लावणाऱ्यांचीही गत फारशी वेगळी नसते : चेहरा लालबुंद, पुरळ, आणि थांबवलं की आग.

ट्यूबच्या मागचं बारीक अक्षर एकदा वाचा. क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन यांपैकी नाव दिसलं तर ते स्टेरॉइड. अंगाला लावायच्या औषधांना पूर्वी ‘शेड्यूल एच’ या चिठ्ठीवरच विकायच्या औषधांच्या यादीतून सूट होती, २०१८ साली केंद्र सरकारने १४ स्टेरॉइड मलमांची ती सूट काढली. म्हणजे चिठ्ठीशिवाय ती विकायची नाहीत. मेडिकलवाला ओळखीचा असला तरी नियम तोच.

आता मुलीचं. इसब हा बुरशीचा रोग नाही. तिथे शरीर विनाकारण भडकलेलं असतं, म्हणून त्याला शांत करणारं स्टेरॉइड हेच तिथलं औषध. १९५२ साली हायड्रोकॉर्टिसोन मलमाचा गुण पहिल्यांदा नोंदवला गेला, तेव्हापासून ते वापरात आहे. आईंच्या भीतीत तथ्य एवढंच, की लहान मुलांच्या अंगात औषध जास्त मुरतं. म्हणूनच डॉक्टर त्यांना सौम्य प्रकार आणि मोजके दिवस देतात. भीतीपोटी चिमूटभर लावून दोन दिवसांत सोडलं तर इसब धुमसत राहतं, पोर रात्रभर खाजवते आणि शेवटी मलम जास्तच लागतं.

किती लावायचं, याचं सोपं माप आहे. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या रेघेपर्यंत मलमाची एक ओळ काढा. ते साधारण अर्धा ग्रॅम होतं आणि मोठ्या माणसाच्या दोन तळव्यांएवढ्या (बोटांसकट) जागेला पुरतं. माप तुमच्या बोटाचं घ्या, मुलीच्या नव्हे. डॉक्टरांनी एकदा सांगितलं असेल तर एकदाच. चार वेळा लावल्याने चौपट गुण येत नाही. पापण्यांजवळ न विचारता लावू नका, आणि वर पट्टी किंवा प्लास्टिक गुंडाळू नका.

तुमची ट्यूब मुलीला नको आणि तिची तुम्हाला नको. नायट्याला फक्त बुरशीचं औषध लागतं, आणि चट्टा दिसेनासा झाल्यावरही डॉक्टर सांगतील तितके दिवस. घरात आणखी कुणाला खाज असेल तर त्यांनाही सोबत न्या, आणि टॉवेल वेगळे ठेवा. राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी मोफत आहे, तेव्हा खर्चाचं कारण सांगू नका. जाताना आजवर लावलेल्या सगळ्या ट्यूब पिशवीत घालून न्या. रिकाम्या असल्या तरी चालतील.