हावरट म्हणण्याआधी तपासा

श्वान प्रशिक्षणाच्या मैदानावर खाण्यासाठी जीव टाकणाऱ्या कुत्र्याचं फार कौतुक होतं. हुकूम तोंडातून निघायच्या आत तो बसतो, मालकाच्या मुठीवरची त्याची नजर हलत नाही. ‘याचा फूड ड्राइव्ह जबरदस्त आहे’ म्हणत लोक पाठ थोपटतात. माझ्या रेवाचंही असंच कौतुक व्हायचं. रेवा म्हणजे आमची जर्मन शेफर्ड. दीड-दोन वर्षांची झाली तशी तिची भूक वाढतच गेली आणि वजन मात्र उतरत गेलं. त्या भुकेमागे आजार होता. अन्न पचवणारे रस तिच्या स्वादुपिंडातून जवळजवळ येतच नव्हते. दोन्ही वेळा पोटभर जेवूनही ती उपाशी होती. पुढे उपचार सांभाळत ती शिकली, आज्ञापालनाच्या स्पर्धांतही उतरली. पोटाचं जुनं दुखणं असलेला कुत्रा ज्यांच्या घरी आहे आणि तरीही त्याला मैदानावर न्यायची ज्यांची इच्छा आहे, त्यांच्यासाठी हा अनुभव लिहिते आहे.

या आजाराचं नाव एक्सोक्राइन पँक्रिआटिक इन्सफिशियन्सी. डॉक्टर आणि श्वानपालक त्याला ईपीआय म्हणतात. स्निग्ध पदार्थ, प्रथिनं आणि पिष्ट पचवायला लागणारी एन्झाइम्स स्वादुपिंडात तयार होतात. जर्मन शेफर्डमध्ये बहुतेक वेळा शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती एन्झाइम्स तयार करणाऱ्या पेशींवर उलटते आणि त्या हळूहळू नष्ट होतात. रफ कॉलीसारख्या जातींतही हा प्रकार आढळतो. घात असा, की स्वादुपिंडाची सुमारे 90 टक्के क्षमता संपेपर्यंत बाहेरून काहीच दिसत नाही. कुत्रा दिसायला तरुण आणि धडधाकट असतो, मग काही आठवड्यांत बरगड्या मोजता येऊ लागतात.

रेवाची लक्षणं आज आठवते तेव्हा ती पुस्तकातल्यासारखी वाटतात. शी दिवसातून अनेकदा आणि ढीगभर व्हायची. फिकट पिवळट, मऊ, वर तेलकट चकाकी. रात्री ती पलंगाशेजारी झोपली की तिच्या पोटातली गुडगुड मला वर ऐकू यायची. केस कोरडे झाले, पाठीवर कोंडा दिसू लागला. ताटली चाटूनपुसून झाल्यावर ती अंगणातली माती चाटायची आणि मैदानावर चालता चालता दुसऱ्या कुत्र्यांच्या विष्ठेवर तोंड घालायची.

शेवटच्या या सवयीवरून मैदानावर बरंच ऐकावं लागलं. ‘हावरट आहे, शिस्त नाही, कॉलरला जोरात झटका द्या,’ असं एक जण म्हणे. तिथल्या प्रशिक्षकांनी सांगितलं, “ताई, पोट भरलेला कुत्रा शिकत नाही. हिचं सकाळचं जेवण बंद करा, बघा कशी कामाला लागते.” निरोगी कुत्र्याला जेवणाआधी सरावाला आणणं यात काही वावगं नाही. पण जो कुत्रा खाल्लेलं पचवूच शकत नाही, त्याचं एक जेवण तोडणं म्हणजे त्याला आणखी खंगवणं. विष्ठा खाणं हाही या आजारात हट्ट नसतो. अर्धवट पचलेलं अन्न बाहेर पडतं आणि उपाशी शरीर मिळेल तिथून पोषण शोधतं. त्याला शिक्षा करून काहीही साधत नाही, उलट कुत्रा तुमच्यापासून दूर सरतो.

म्हणून पहिला सल्ला हा, की खाणं वाढतंय आणि वजन घटतंय अशी जोडी दिसली तर प्रशिक्षकाआधी पशुवैद्याकडे जा. तपासणीचाही एक क्रम असतो. आधी शीची तपासणी करून जंत आणि जिआर्डिया नाहीत याची खात्री होते, कारण तीच कारणं जास्त आढळतात. मग रक्ताची सर्वसाधारण तपासणी, आणि ईपीआयची शंका असेल तर टीएलआय नावाची रक्तचाचणी. तिच्यासाठी कुत्र्याला रात्रभर उपाशी ठेवून सकाळी नमुना घेतात. ही चाचणी सगळीकडे होत नाही, नमुना बाहेरगावी पाठवावा लागू शकतो, पण निदान तिच्यावरच ठरतं. त्याच रक्तातून बी-12 चं प्रमाणही बघायला सांगा. हे जीवनसत्त्व शोषून घ्यायला जे प्रथिन लागतं, ते कुत्र्यांमध्ये मुख्यतः स्वादुपिंडातूनच येतं. त्यामुळे ईपीआयच्या बऱ्याच कुत्र्यांत बी-12 कमी असतं आणि ते भरून काढल्याशिवाय नुसत्या एन्झाइम्सनी कुत्रा सावरत नाही. रेवाला सुरुवातीला आठवड्याला एक इंजेक्शन होतं, पुढे महिन्याला एक.

टीएलआय नॉर्मल आली तरी तपास थांबवू नका. आतड्याचा जुनाट दाह किंवा विशिष्ट अन्न न सोसणं यांतही लक्षणं मिळतीजुळती असतात, उपचार मात्र वेगळे.

ईपीआय बरा होत नाही, आटोक्यात राहतो. प्रत्येक जेवणात एन्झाइमची पावडर मिसळायची, आयुष्यभर. पावडर अन्नात कालवताना पाणी घालून सगळं नीट ओलं करा. कोरडी पावडर तोंडात राहिली तर हिरड्या आणि जीभ सोलवटतात, आणि तिची धूळ आपल्याही नाकात जाऊ नये. अन्न कोमट असेल तर चालेल, गरम नको. उष्णतेने एन्झाइम्स निकामी होतात. मिसळल्यावर ताटली अर्धा तास बाजूला ठेवलीच पाहिजे असं नाही. फार कोंडा, फार तंतुमय अन्न टाळावं, कारण ते एन्झाइम्सच्या कामात आड येतं. तूप-तेल पूर्ण बंद करायची बहुतेक कुत्र्यांना गरज नसते. दिवसाचं खाणं दोन-तीन भागांत द्यावं. माणसांसाठीच्या आवरण असलेल्या गोळ्या पावडरीइतक्या उपयोगी पडत नाहीत, म्हणून औषध आणि मात्रा डॉक्टरांनीच ठरवावी.

पावडर संपली आणि नवी मिळेना, असंही झालं. तेव्हा डॉक्टरांनी बकऱ्याचं कच्चं स्वादुपिंड सुचवलं. खाटिकाकडे नाव सांगून ते मिळत नाही. मी मागितलं तर आधी तिल्लीच पुढे आली. तिल्ली म्हणजे प्लीहा, गडद लाल, आणि तिचा इथे काही उपयोग नाही. स्वादुपिंड फिकट गुलाबी, दाणेदार, चपटं असतं आणि पोटाजवळच्या आतड्याच्या वळणात चिकटलेलं असतं. कापणीच्या वेळी उभं राहून दाखवावं लागतं. ते शिजवायचं नाही, बारीक चिरून फ्रीजरमध्ये ठेवायचं. गोठवल्याने एन्झाइम्स टिकतात. कच्च्या मांसातून जंतुसंसर्गाचा धोका असतो, म्हणून हा मार्ग डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावा. डुकराचं कच्चं स्वादुपिंड मात्र देऊ नये, त्यातून कुत्र्यांना जीवघेणा विषाणू लागू शकतो.

आता प्रशिक्षणाकडे वळते. आजकालचं बहुतेक प्रशिक्षण बक्षिसाच्या खाऊवर चालतं आणि ईपीआयच्या कुत्र्याची खरी अडचण इथेच आहे. एन्झाइमशिवाय गेलेला प्रत्येक तुकडा न पचता आतड्यात उतरतो, तिथे जिवाणूंना खाद्य मिळतं आणि दुसऱ्या दिवशी जुलाब. सरावाच्या एका तासात चिकनचे पन्नास बारीक तुकडे गेले, तर ते एक अख्खं जेवणच झालं, तेही पावडरीविना.

आमचा उपाय असा. दिवसाच्या ठरलेल्या जेवणातला एक भाग बाजूला काढायचा, पावडर घालून पातळसर कालवायचा आणि मेंदीच्या कोनासारख्या जाड प्लास्टिकच्या पिशवीत भरायचा. हुकूम पाळला की टोक पुढे करून एक-दोन चाटणं द्यायची. हात चिकट होतात, पण कुत्र्याच्या पोटात जातं ते औषधासह जातं. नंतर पिशवीचं ओलं टोक आठवणीने पुसा आणि उरलेलं तासाभरात फ्रिजमध्ये ठेवा किंवा टाकून द्या.

दुसरा आणि अधिक मोलाचा उपाय म्हणजे खेळाचं बक्षीस. वजन भरू लागलं, भुकेचा कासावीसपणा ओसरला, तेव्हा रेवा खाऊपेक्षा जाड दोरीच्या ओढाओढीवर जास्त खूश होऊ लागली. ‘आता तिचा ड्राइव्ह गेला,’ असं मैदानावर काही जण म्हणाले. खरं तर आजारी भूक गेली होती आणि कुत्री पहिल्यांदाच मन लावून शिकायला मोकळी झाली होती. याचा स्पर्धेत थेट फायदा होतो. आज्ञापालनाच्या रिंगमध्ये खाऊ नेता येत नाही. केवळ हातातल्या खाऊकडे बघून चालणारा कुत्रा तिथे गोंधळतो. खेळासाठी आणि मालकासाठी काम करणारा टिकतो.

सरावाची वेळ पोटाच्या वेळापत्रकावर बसवा. जेवणानंतर लगेच उड्या, धावणं, गोल फिरणं नको. जर्मन शेफर्डसारख्या खोल छातीच्या कुत्र्यांत पोट फुगून पीळ बसण्याचा धोका मुळातच असतो. पोट ताणलेलं, कुत्रा अस्वस्थ, ओकाऱ्या येतात पण बाहेर काही पडत नाही, असं दिसलं तर क्षणभरही थांबू नका, थेट दवाखाना गाठा. हे काही तासांतच जिवावर बेतू शकतं.

एक वही ठेवा. खाणं किती, पावडर किती, शी कशी, वजन किती, त्या दिवशी काय शिकवलं. वजनासाठी आधी कुत्र्याला उचलून काट्यावर उभं राहायचं, मग एकट्याने, आणि वजाबाकी करायची. कुत्रा पेलत नसेल तर दवाखान्यातला काटा वापरा. ही वही बरंच सांगते. एखाद्या दिवशी रेवाला ‘बस’ सांगितलं की ती अर्धवट बसून उठायची, ‘स्टे’ मोडायची. वहीत पाहिलं की आदल्या रात्री पोट बिघडल्याची नोंद हमखास सापडे. ज्याच्या पोटात कळा येताहेत, त्याने मिनिटभर ताठ बसावं ही अपेक्षाच चुकीची. अशा दिवशी नवीन काही शिकवायचं नाही. फिरवून आणायचं, जमलेलं एखादं सोपं काम करून घ्यायचं आणि घरी यायचं.

घराबाहेरच्या माणसांनाही शिकवावं लागतं. बरगड्या दिसणारा कुत्रा बघितला की शेजारच्या काकूंच्या पोटात कालवतं आणि पोळीचा तुकडा पुढे येतो; मुलं बिस्किटं टाकतात. त्यांचा हेतू वाईट नसतो. मी पट्ट्याला ‘आजारी आहे, खाऊ देऊ नका’ अशी मोठ्या अक्षरांतली पट्टी लावली आणि प्रत्येकाला कारण समजावून सांगितलं. कारण कळलं की लोक ऐकतात.

स्पर्धेचं गणित वेगळं. आपल्याकडे केनेल क्लब ऑफ इंडियाच्या नियमांखाली होणारे बहुतेक श्वानमेळावे थंडीच्या हंगामात असतात आणि त्यासाठी गावोगाव जावं लागतं. रूपाच्या स्पर्धेत अंगाने बारीक राहणारा कुत्रा मागे पडतो, पण आज्ञापालनात गुण कामाला असतात. आमच्यासारख्यांना तिथे खरी संधी आहे. रेल्वेने जायचं तर कुत्रा फर्स्ट एसीचा अख्खा कूपे किंवा केबिन आरक्षित करून सोबत नेता येतो, नाहीतर ब्रेकव्हॅनमधल्या पिंजऱ्यात ठेवावा लागतो. ज्याला वारंवार बाहेर न्यावं लागतं, त्याला त्या पिंजऱ्यात तासन्तास ठेवणं क्रूरपणा होईल. आम्ही नेहमी गाडीने गेलो, वाटेत थांबत थांबत, शक्यतो आदल्या दिवशी पोचून.

सोबत घरचंच अन्न, घरचंच पाणी आणि पावडरीचे दोन वेगवेगळे डबे न्या. एक हरवला तर दुसरा हवा. त्या आठवड्यात खाण्यात काहीही नवं नको. मैदानावर इतरांच्या हातून पडलेले खाऊचे तुकडे जागोजागी असतात, म्हणून ‘सोड’ हा हुकूम या कुत्र्यांना सगळ्यात आधी आणि सगळ्यात पक्का शिकवावा. रिंगमध्ये जाण्यापूर्वी भरपूर फिरवून पोट मोकळं होऊ द्या. आणि निघण्याआधीचा नियम स्वतःशी ठरवून ठेवा. आम्ही ठरवलं होतं, की आठवडाभर शी घट्ट असेल, वजन टिकून असेल तरच जायचं. हे जमलं नाही तेव्हा नाव मागे घेतलं. भरलेली फी गेली तर गेली, तिच्यासाठी कुत्र्याला ओढत नेऊ नये.

दोन गोष्टी स्पष्ट सांगायला हव्यात. पहिली खर्चाची. पावडर, इंजेक्शनं, तपासण्या हा खर्च दर महिन्याचा आणि कायमचा आहे. तो बाजूला काढल्यावर जे उरेल त्यातच स्पर्धांचा विचार करा. दुसरी प्रजननाची. जर्मन शेफर्डमधल्या या आजाराला अनुवंशाची बाजू आहे. स्पर्धेत कितीही बक्षिसं मिळाली तरी अशा कुत्र्याची पिल्लं घेऊ नयेत, आणि निदान झाल्याचं ब्रीडरला अवश्य कळवावं, म्हणजे त्याच्या भावंडांकडेही लक्ष दिलं जाईल.

उपचार नीट झाले तर ईपीआयचे बहुतेक कुत्रे चांगलं, लांबलचक आयुष्य जगतात. काही पूर्ण सावरत नाहीत, त्यांच्याकडून स्पर्धेची अपेक्षा ठेवू नये. तेव्हा तुमच्या मैदानावर एखादा तरुण कुत्रा खाण्यासाठी वेडापिसा होत असेल आणि त्याच्या बरगड्या दिसत असतील, तर त्याचं कौतुकही करू नका आणि त्याला झटकेही देऊ नका. त्याच्या मालकाला बाजूला घ्या आणि सांगा, आधी याची शी तपासा, रक्त तपासा, टीएलआय करून घ्या. प्रशिक्षण महिनाभर थांबलं तरी काही बिघडत नाही. निदान थांबलं तर कुत्रा हातचा जातो.