खाऱ्या पाण्याने शेत का बिघडते?

आपल्या गोंदिया जिल्ह्यात पाणी म्हटले की तलाव, बोडी आणि धानाची बांधी डोळ्यांपुढे येते. पाणी मिळाले की पीक आले, असा आपला साधा हिशेब. पण आपल्याच विदर्भात असा एक भाग आहे की, जेथे विहिरीत पाणी असूनही ते पिकाला द्यायला शेतकरी भितो. त्या भागाला खारपाणपट्टा म्हणतात.

हा पट्टा पूर्णा नदीच्या दोन्ही बाजूंना आहे. अमरावती, अकोला व बुलढाणा या ३ जिल्ह्यांतील सुमारे ९०० गावे त्यात येतात. जमीन काळी, खोल, कापसाची. पण खालचे पाणी खारट. ते पिववतही नाही.

आता एक गणित करू. समजा, १ लिटर पाण्यात २ ग्रॅम क्षार आहेत. एवढेसे ते काय, असे वाटेल. पण १ एकरात २ इंच पाणी भरायला सुमारे २ लाख लिटर पाणी लागते. म्हणजे क्षार झाले ४०० किलो! ५० किलोचे पोते धरले तर ८ पोती मीठ आपणच शेतात नेऊन टाकले. तेही एकाच ओलितात. पाच वेळा पाणी दिले तर ४० पोती. मुळे पाणी पितात, ऊन पाणी उडवते. मीठ मात्र बहुतेक सगळे मातीतच राहते.

कैरीच्या फोडींना मीठ लावले की त्यांना पाणी सुटते, हे आईला विचारा. खारट मातीत मुळांचे तसेच होते. त्यांना पाणी ओढताच येत नाही. शेत ओले, पण रोप तहानलेले!

दुसरे नुकसान याहून वाईट. क्षारांत सोडियम जास्त असला तर मातीचे भुसभुशीत कण फुटून बारीक होतात व मातीतली छिद्रे बुजतात. अशा जमिनीला चोपण म्हणतात. ओली झाली की चिकट, वाळली की दगड. मग पावसाचे पाणी वरच साचते, खाली मुरत नाही. मीठ धुऊन नेणारा तो पाऊसच. त्याचीच वाट बंद झाली.

उपाय आहेत. माती तपासून जिप्सम टाकतात. त्यातले कॅल्शियम सोडियमला हुसकावते, मग तो पावसाने धुपून जातो. ताग, धैंचा पेरून जमिनीत गाडतात. शेततळ्यात पावसाचे गोडे पाणी साठवून तेच पिकाला देतात. अकोल्याला १९६९ साली स्थापन झालेल्या कृषी विद्यापीठात या जमिनींचा अभ्यास चालतो.

आपल्याकडे पाऊस हजार मिलिमीटरच्या वर. तो बांधीतले क्षार धुऊन नेतो, म्हणून आपण वाचलो. तरी सांगली-कोल्हापूरकडचे ऐका. तेथे नदीचे पाणी गोडे, पण उसाला ते वाजवीपेक्षा जास्त दिले आणि निचरा नव्हता. खालचे पाणी वर चढले, क्षार घेऊन आले, आणि चांगली शेते पांढरी पडली. तेव्हा उन्हाळी धानासाठी नवी बोअर मारली तर बाटलीभर पाणी तपासणीला द्यावे, असे घरी जरूर सांगा.

करून पाहा : दोन डब्यांत माती भरून चवळी पेरा. एकाला साधे पाणी, दुसऱ्याला लिटरमागे एक चमचा मीठ घातलेले पाणी घाला. डब्यांना भोक पाडू नका. १५ दिवसांनी कोणते रोप कसे आहे आणि कोणत्या मातीवर पांढरा थर आला, ते वहीत लिहा. मग तोच प्रयोग भोक पाडलेल्या डब्यांत करा.